मातीतून निसटणारा वायू : जुन्नरच्या पोढीपासून कोकणातल्या उन्हाळ्यांपर्यंत

१/ पुण्याहून नाशिकच्या रस्त्याने खेड ओलांडले की मंचरच्या अलीकडे पेठ लागते. आंबेगाव तालुक्यातले हे गाव. या भागात बोअर घेणारी गाडी उभी राहिली, की भोवती जमलेल्या मंडळींना खालून काय येणार याचा साधारण अंदाज असतो. आधी मुरूम, मग काळा पाषाण, मध्येच तांबड्या गेरूचा पातळ थर, पुन्हा काळा पाषाण. पाणी लागलेच, तर ते गार. मात्र भीमाशंकरच्या कड्यावरून पश्चिमेला उतरून कोकणात गेले, तर त्याच काळ्या पाषाणाच्या प्रदेशात जमिनीतून कढत पाणी वर येताना दिसते. ही ऊब कुठून येते, आणि ती वर न दिसणाऱ्या ठिकाणीही शोधता येते का? आजचा धागा या प्रश्नाच्या इतिहासाचा आहे. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

२/ आरंभ जुन्नरपासून करू. नाणेघाटाच्या माथ्यापासून शिवनेरी, मानमोडी, लेण्याद्री, तुळजा या डोंगरांपर्यंत दोन हजार वर्षांपूर्वीची लेणी आहेत, आणि जवळजवळ प्रत्येक समूहाशेजारी खडकात खोदलेली पाण्याची टाकी. शिलालेखांत त्यांना ‘पोढी’ म्हटले आहे. कुणी लेणे दान दिले, कुणी पोढी. त्यांतल्या काही पोढींत आजही चैत्र-वैशाखात पाणी सापडते. याचा अर्थ उघड आहे. हा खडक जिथे अखंड आहे, तिथे तो पाणीसुद्धा सोडत नाही. मग त्याच्या शेकडो मीटर जाडीतून खालचा एखादा वायू वर येईल, असे कोणी म्हणाले तर विश्वास ठेवावा का? हा प्रश्न लक्षात ठेवा. त्याचे उत्तर १९९३ नंतर मिळाले, आणि फार मोठी किंमत मोजून मिळाले.

३/ आधी एक गैरसमज दूर करू. सह्याद्री लाव्ह्याचा बनला आहे, हे शाळेत सर्वांनी वाचलेले असते. त्यावरून ‘कोकणातले गरम झरे म्हणजे त्या ज्वालामुखीची उरलेली धग’ असा निष्कर्ष काढला जातो. तो चुकीचा आहे. हा लाव्हा साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिला. इतक्या काळात त्याची ऊब केव्हाच विरली. १९८० च्या दशकात भूवैज्ञानिकांनी या थरांची रासायनिक ओळख पटवून त्यांना नावे दिली. जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर अशी ती माळ आहे. आपल्या आंबेगाव-खेडच्या डोंगराचे नाव जगभरच्या शोधनिबंधांत गेले ते असे. पण या माळेतला एकही थर आज गरम नाही.

४/ गरम आहे ते खाली. पृथ्वीच्या पोटात शिरताना दर किलोमीटरला तापमान साधारण २५ ते ३० अंशांनी वाढते. सह्याद्रीवर आणि कोकणात कोसळणारा पाऊस भेगांमधून दोन-तीन किलोमीटर खाली उतरला, तर तो तापणारच. प्रश्न एवढाच उरतो, की तापलेल्या पाण्याला थंड होण्याआधी चटकन वर येण्याची वाट मिळते का. म्हणजे आपला शोध निखाऱ्याचा नाही. तो वाटेचा आहे. हे एकदा ध्यानात आले की पुढचे सगळे सोपे होते.

५/ या वाटांचे सर्वांत जुने सर्वेक्षण भाषेने करून ठेवले आहे. मराठीत ऊन पाण्याच्या झऱ्याला ‘उन्हाळे’ म्हणतात. राजापूरजवळचे उन्हाळे, दापोलीकडचे उन्हवरे, पालीजवळचे उन्हेरे, खानदेशातले उनपदेव, किनवटकडचे उनकेश्वर : नकाशावर ही नावे शोधत गेलात, तरी महाराष्ट्राच्या भूऔष्णिक नकाशाचा कच्चा आराखडा हाती येतो. त्यात पालघर-ठाण्याकडचे वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी, सातिवली, महाडजवळचे सव, संगमेश्वराकडचे आरवली, तुरळ, राजवाडी ही नावे मिळवली, की कोकणाची माळ बहुतांशी पूर्ण होते. पालघरपासून राजापूरपर्यंत किनारा आणि सह्याद्री यांच्या मधल्या सुमारे साडेतीनशे किलोमीटरच्या चिंचोळ्या पट्टीत हे झरे जवळपास एका ओळीत आहेत. ती ओळ योगायोगाची नाही. किनाऱ्याला समांतर जाणाऱ्या खोल भेगांची ती खूण आहे.

६/ इतिहासप्रेमींना वज्रेश्वरी वेगळ्या कारणाने ठाऊक असते. वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांनी देवीला नवस केला आणि १७३९ मध्ये किल्ला पडल्यावर मंदिर बांधले गेले, अशी परंपरा आहे. तानसा नदीच्या पात्रात आणि काठावर तिथली कुंडे आहेत. भूवैज्ञानिकाच्या दृष्टीने यात एक मोलाची नोंद दडलेली आहे. आपली माणसे जिथे पिढ्यानपिढ्या स्नानाला जात आली, तिथे गरम पाण्याची वाट इतक्या वर्षांत बुजलेली नाही.

७/ कागदावरची नोंद नंतर आली. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे पहिले प्रमुख थॉमस ओल्डहॅम यांनी देशभरच्या उष्ण झऱ्यांची यादी जमवली होती. त्यांच्या निधनानंतर त्यांचे पुत्र आर. डी. ओल्डहॅम यांनी ती संपादित करून १८८२ च्या सुमारास प्रसिद्ध केली. सुमारे तीनशे झरे, त्यांची ठिकाणे, जमेल तिथे तापमान. पुढची जवळजवळ शंभर वर्षे यात भर पडली ती मुख्यतः आकड्यांची. दृष्टी बदलली नाही. झरा दिसला तर नोंद, नाही दिसला तर काहीच नाही.

८/ दृष्टी बदलली ती वायूने. इथे कथेला एक लांब वळसा घ्यावा लागतो, आणि तो विजयदुर्गावरून जातो. दरवर्षी १८ ऑगस्टला समाजमाध्यमांवर एक संदेश फिरतो : ‘१८६८ मध्ये नॉर्मन लॉकियर यांनी विजयदुर्ग किल्ल्यावरून सूर्यग्रहण पाहताना हेलियमचा शोध लावला.’ किल्ल्यावरचे ‘साहेबाचे ओटे’ पुरावा म्हणून दाखवले जातात. गोष्ट सुंदर आहे. मात्र तिच्यात दोन वेगळी ग्रहणे एकत्र शिवली गेली आहेत.

९/ १८ ऑगस्ट १८६८ चे खग्रास ग्रहण पश्चिम किनाऱ्यावरून शिरून पूर्व किनाऱ्याकडे गेले. फ्रेंच ज्योतिर्विद जान्सेन तेव्हा गुंटूरला होते, मद्रास वेधशाळेचे पॉगसन मच्छलीपट्टणला. आणि पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात रॉयल सोसायटीच्या वतीने लेफ्टनंट जॉन हर्शेल दुर्बीण लावून बसले होते. विल्यम हर्शेल यांचे ते नातू. सूर्याच्या कडेला उसळणाऱ्या ज्वालांच्या वर्णपटात या मंडळींना तेजस्वी रेषा दिसल्या. त्यांपैकी पिवळी-नारिंगी रेषा सोडियमच्या जागेपाशी होती, आणि ती सोडियमचीच असावी असे प्रथम वाटले.

१०/ लॉकियर त्या दिवशी भारतात नव्हते. ते इंग्लंडमध्ये नव्या वर्णपटदर्शकाची वाट पाहत होते. तो हाती येताच २० ऑक्टोबर १८६८ रोजी, ग्रहण नसताना, त्यांनी सूर्याच्या कडेचा वर्णपट पाहिला. ती पिवळी रेषा सोडियमच्या रेषेवर बसत नाही, हे त्यांच्या ध्यानात आले, आणि पुढे त्यांनी ती एका अज्ञात मूलद्रव्याची मानली. ‘हेलिओस’ म्हणजे सूर्य, त्यावरून हेलियम.

११/ मग विजयदुर्गाचे काय? लॉकियर तिथे आले होते, हे खरेच आहे. पण ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. ‘मेलपोमीनी’ या ब्रिटिश युद्धनौकेवरून ते आले आणि नौकेवरचे खलाशी त्यांचे साहाय्यक झाले. त्याच ग्रहणासाठी पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे कावसजी दादाभाई नायगमवाला सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला तळ ठोकून होते. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्बेलही तिथेच होते. म्हणजे आपल्या मातीशी हेलियमचा संबंध जमखंडी, विजयदुर्ग, जेऊर असा तिहेरी आहे. एवढा खरा संबंध असताना खोटा जोडण्याची काय गरज, हे मला कधी कळले नाही.

१२/ सत्तावीस वर्षे हेलियम फक्त सूर्यावरच होता. १८९५ मध्ये विल्यम रॅम्झी यांनी क्लेव्हाइट नावाच्या युरेनियमयुक्त खनिजावर आम्लाची क्रिया केली, आणि निघालेल्या वायूत तीच पिवळी रेषा दिसली. त्याच वर्षी जर्मनीत हाइनरिख कायसर यांना ब्लॅक फॉरेस्टमधल्या विल्डबाड या गावाच्या उष्ण झऱ्यातून येणाऱ्या बुडबुड्यांत हेलियम सापडला. सूर्यावरचा वायू एकाच वर्षी दोन जागी सापडला, एकदा युरेनियमच्या दगडात आणि एकदा गरम पाण्यात. या दोहोंचा संबंध काय, हे तेव्हा कुणालाच सांगता आले नसते. किरणोत्साराचा शोध लागला तो पुढच्या वर्षी, १८९६ मध्ये.

१३/ दुवा रदरफोर्ड आणि रॉइड्स यांच्या प्रयोगाने मिळाला. युरेनियम-थोरियमसारख्या द्रव्यांतून बाहेर पडणारे अल्फा कण म्हणजे हेलियमचे केंद्रकच, हे १९०८-०९ मध्ये सिद्ध झाले. याचा अर्थ असा, की जिथे युरेनियम आणि थोरियम आहे, तिथे खडक क्षणोक्षणी हेलियम तयार करीत असतो. ग्रॅनाइटमध्ये ही द्रव्ये तुलनेने पुष्कळ. आपल्या काळ्या बेसाल्टमध्ये फारच थोडी. हा फरक पुढे निर्णायक ठरणार आहे.

१४/ त्याच साखळीत आणखी एक वायू तयार होतो, रेडॉन. आपल्याकडे त्याचा माग फार लवकर घेतला गेला. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातले भौतिकीचे जेझुइट प्राध्यापक फादर स्टायकेन यांनी तेव्हाच्या मुंबई इलाख्यातल्या, पंचमहालामधल्या टुवा येथील उष्ण झऱ्यांचा किरणोत्सार मोजला. तो काळानुसार कसा बदलतो यावरचा त्यांचा निबंध १९१६ मध्ये लंडनच्या ‘फिलॉसॉफिकल मॅगझीन’मध्ये छापून आला. पहिले महायुद्ध चालू असताना गोध्र्याजवळच्या एका कुंडाचे आकडे तिथे प्रसिद्ध होत होते! पुढे बंगालात सत्येंद्रनाथ बोस यांच्या प्रेरणेने श्यामादास चटर्जी यांनी बक्रेश्वरच्या उष्ण झऱ्यांतल्या हेलियमचा अभ्यास केला.

१५/ हेलियम आणि रेडॉन हे भाऊ असले तरी स्वभाव वेगळे. रेडॉनचे अर्धायुष्य ३.८ दिवस. खोलवर तयार झालेला रेडॉन हळूहळू वर येऊ लागला, तर वाटेतच संपून जातो. त्यामुळे पृष्ठभागाजवळ रेडॉन अधिक सापडला, तर एक तर तो जवळच जन्मला आहे किंवा कुणीतरी, म्हणजे वाहते पाणी अथवा दुसरा एखादा वायू, त्याला वेगाने वर घेऊन आला आहे. हेलियम मात्र कधी नष्ट होत नाही, कशाशी संयोग पावत नाही, आणि इतका लहान की अतिसूक्ष्म भेगेतूनही निसटतो. तो खोलवरची बातमी आणतो. रेडॉन सांगतो की वाट मोकळी आहे. दोघांची साक्ष जुळली, तरच तिला वजन येते.

१६/ या साक्षीवर आधारलेली रीत म्हणजे मृदावायू सर्वेक्षण. कल्पना अशी : झरा दिसत नसेल, तरी खाली गरम पाणी भेगेतून वर चढत असेल, तर त्याच्याबरोबरचा वायू मातीपर्यंत पोहोचलेला असेल. १९७५ मध्ये अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या रॉबर्ट्स, फ्रीडमन आणि सहकाऱ्यांनी कोलोरॅडोतल्या आयडाहो स्प्रिंग्ज गावाजवळ मातीतल्या हवेतला हेलियम मोजून ही शक्यता मांडली. १९७३ च्या तेलटंचाईनंतरचा तो काळ. तेलाला पर्याय म्हणून पृथ्वीच्या उष्णतेकडे सगळ्यांचे डोळे लागले होते, आणि खोल विंधन मात्र तेव्हाही फार महाग होते.

१७/ काम दिसायला अगदी साधे असते. टोकदार, पोकळ पोलादी सळई हातोड्याने साधारण पाऊण ते एक मीटर खोल ठोकायची. वरच्या रबरी बुचातून पिचकारीने मातीच्या कणांमधली हवा ओढायची, पहिला भाग टाकून द्यायचा, उरलेली हवाबंद बाटलीत भरायची. संशयित भेगेला आडवी रेघ धरून ठराविक अंतरावर हेच पुन्हा पुन्हा करायचे. हेलियम प्रयोगशाळेत वस्तुमानमापकावर मोजतात. रेडॉनसाठी दुसरी सोय आहे. एक विशिष्ट प्लास्टिक फिल्म पेल्यात लावून तो पेला खड्ड्यात उपडा पुरायचा. अल्फा कणांचे ओरखडे तिच्यावर उमटतात, ते नंतर सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचे. जोडीला कार्बन डायऑक्साइड, आणि काही ठिकाणी पाऱ्याची वाफही मोजतात.

१८/ कठीण आहे ते आकड्यांचे वाचन. हवेत हेलियमचे प्रमाण दहा लाख भागांत सुमारे ५.२ भाग. मातीत ते ५.३ किंवा ५.४ झाले, तरी शोधकाचे कान टवकारतात. इतक्या बारीक फरकावर हवेचा दाब, मातीची ओल, दिवसाची वेळ या सगळ्यांची सावली पडते. आपल्याकडे तर पावसाळ्यात फुगलेली काळी माती झाकणासारखी घट्ट बसते; त्या चार महिन्यांत घेतलेला नमुना खाली काय आहे यापेक्षा वर किती पाऊस पडला तेच अधिक सांगेल. वैशाखात तीच माती तडकते आणि बाहेरची हवा आत शिरते. म्हणून सगळे नमुने शक्य तितक्या एकाच हवामानात, थोड्या दिवसांत उरकावे लागतात. एकट्या आकड्याला इथे किंमत नाही. शेजारच्या आकड्यांहून तो किती उठून दिसतो, याला आहे.

१९/ आता पोढीच्या प्रश्नाकडे परतू. दख्खनच्या घट्ट बेसाल्टमधून वायू वर येतो का? ३० सप्टेंबर १९९३. गणेशोत्सवाची सांगता नुकतीच झाली होती. पहाटे चारच्या सुमारास लातूर-धाराशिवकडची धरणी हादरली. किल्लारी, सास्तूर आणि भोवतालची गावे दगडमातीच्या घरांखाली गाडली गेली. सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. जो प्रदेश भूकंपाच्या दृष्टीने शांत मानला जात होता, तिथे हे घडले. किल्लारीजवळच्या शेतांत जमीन फाटून वर उचलली गेली होती.

२०/ हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्या फाटलेल्या रेषेवर मातीतला हेलियम मोजला. निष्कर्ष १९९४ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला, आणि शोधनिबंधाच्या शीर्षकातच त्यांनी ही वाढ ‘असाधारण’ असल्याचे म्हटले. पुढे तिथेच खोल विंधन घेतले गेले, तेव्हा ३३८ मीटर जाडीच्या बेसाल्टखाली गाळाचा पातळ थर आणि त्याखाली प्राचीन ग्रॅनाइटी खडक लागला. बेसाल्टमध्ये युरेनियम-थोरियम नगण्य, म्हणजे एवढा हेलियम त्याखालच्या खडकातूनच आला असणार. तीनशे मीटरहून जाड काळा पाषाण, आणि तरीही एका भेगेने वायूला थेट शेताच्या मातीपर्यंत आणले.

२१/ अखंड खडक पाणीही सोडत नाही, आणि भेग पडली की वायूही थांबत नाही. जुन्नरची पोढी आणि किल्लारीचे शेत ही एकाच दगडाची दोन रूपे. दख्खनमध्ये मृदावायू सर्वेक्षणाचा उपयोग होईल का, याचे उत्तर खरे तर किल्लारीच्या त्या शेतात मिळाले. ते उष्णतेच्या शोधात मिळाले नाही, हे मात्र लिहिताना जाणवत राहते.

२२/ किल्लारीत हेलियम होता; गरम पाणी नव्हते. हा धडाही तितकाच महत्त्वाचा. तिथल्या विंधनात मोजलेला उष्णतेचा प्रवाह जगातल्या खंडांच्या सरासरीहून कमीच निघाला. हेलियम म्हणजे उष्णता नव्हे. तो फक्त सांगतो, की खोलवरून वर येणारी वाट इथे आहे. त्या वाटेने तापलेले पाणीही चढत आहे का, हे झऱ्यांच्या रसायनशास्त्राने, विद्युत आणि चुंबकीय मापनांनी आणि शेवटी विंधनानेच ठरते. काही उत्साही लेखांत मृदावायूला भूऔष्णिक शक्तीचा ‘खात्रीचा’ शोधक म्हटलेले असते. तसे म्हणणे म्हणजे पावलांचे ठसे पाहून चोराचे नाव सांगण्यासारखे आहे.

२३/ कोकणात ही साक्ष झऱ्यांनीच दिली आहे. २००० साली इटलीचे आंजेलो मिनिसाले, आयआयटी मुंबईचे डी. चंद्रशेखरम आणि सहकाऱ्यांनी पश्चिम आणि मध्य भारतातल्या उष्ण झऱ्यांचे पाणी आणि वायू तपासून निबंध प्रसिद्ध केला. झऱ्यांच्या बुडबुड्यांत मुख्यतः नायट्रोजन, म्हणजे पावसाबरोबर विरघळून खाली गेलेली हवा. आणि त्यात लक्षणीय हेलियम. हा हेलियम कवचातल्या खडकांत जन्मलेला. पाण्यातल्या स्ट्रॉन्शियमच्या समस्थानिकांनीही तीच दिशा दाखवली. वर चहूकडे लाव्हा असला, तरी हे पाणी त्याखालच्या प्राचीन ग्रॅनाइटी पायाला स्पर्श करून आलेले आहे. कोयनेच्या परिसरात हा पाया सुमारे एक किलोमीटर खोल आहे, हे तिथल्या विंधनांनी प्रत्यक्ष दाखवले आहे.

२४/ मग वीज का नाही? शासनाने १९६६ मध्ये उष्ण झरे समिती नेमली, १९६८ मध्ये तिचा अहवाल आला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने लडाखमधल्या पुग्यापासून कोकणापर्यंत शोध घेतला, १९९१ मध्ये देशाचा भूऔष्णिक नकाशासंग्रह काढला. हिमाचलातल्या मणिकर्णला ५ किलोवॉटचा एक प्रायोगिक संच चालवून पाहिला गेला. इटलीत लार्देरेल्लोला १९०४ मध्ये पाच दिवे पेटले आणि १९१३ मध्ये २५० किलोवॉटचे केंद्र सुरू झाले, हे शेजारी ठेवले की आपली गती कळते. पण दोष सगळा आळसाचा नाही. लार्देरेल्लोला जमिनीतून वाफ येते. कोकणातले सर्वांत गरम उन्हवरे सुमारे ७० अंशांचे.

२५/ इथे अलास्कातल्या चेना हॉट स्प्रिंग्जचे उदाहरण नेहमी दिले जाते. तिथे २००६ पासून अवघ्या ७४ अंशांच्या पाण्यावर वीज निर्माण होते. उदाहरण खरे आहे, पण अर्धेच सांगितले जाते. यंत्र चालते ते गरम आणि थंड यांच्यातल्या अंतरावर. चेनाला थंड करायला जवळजवळ बर्फाइतके गार पाणी मिळते. दापोलीत मिळेल ते २५-३० अंशांचे. म्हणून कोकणात खरा प्रश्न झऱ्याच्या मुखाशी किती तापमान आहे हा नाही. वर येताना थंड पाण्यात मिसळण्याआधी, खोलवर ते किती आहे, हा आहे. आणि ती खोल जागा झऱ्याच्या नेमकी खाली असेलच असे नाही. भेगेच्या रेषेवर ती काही किलोमीटर दूरही असू शकते. मृदावायूचे काम नेमके इथे सुरू होते, कुंडापासून दूर, भाताच्या खाचरांत आणि जांभ्याच्या सड्यावर.

२६/ माझे मत विचाराल, तर कोकणाने विजेआधी सुकवणीचा विचार करावा. मासळी, कोकम, काजू, आमसुले, फणसाचे गरे : साठ-सत्तर अंशांची स्थिर ऊब एवढ्यासाठी पुरेशी आहे, आणि नेमकी पावसाळ्यात, जेव्हा ऊन नसते, तेव्हा ती हवी असते.

२७/ आणि एक धोका. न्यूझीलंडमध्ये वैराकेईचे केंद्र १९५८ मध्ये सुरू झाले. खालचे पाणी उपसले गेले तसे शेजारच्या गीझर दरीतले फवारे आणि झरे मंदावत गेले आणि ती दरी प्रेक्षणीय स्थळ म्हणून संपली. वज्रेश्वरी, गणेशपुरी, राजापूरचे उन्हाळे ही केवळ भूवैज्ञानिक स्थळे नाहीत. तिथे लोक श्रद्धेने स्नान करतात, गुरव आणि दुकानदार त्यावर जगतात. भोक पाडून कुंड आटले, तर ते परत भरून देणारे तंत्र कुणाजवळ नाही. भोक न पाडता, एक मीटरच्या सळईने शक्य तितके जाणून घेण्याची रीत म्हणूनच इथे अधिक मोलाची आहे. चुकीच्या जागी घेतलेले एक विंधन टळले, तरी सगळ्या बाटल्या आणि फिल्मांचा खर्च निघाला.

२८/ सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने भूऔष्णिक ऊर्जेचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले. कोकणच्या पट्ट्यात शोध पुन्हा सुरू झाला, तर त्याचा पहिला हंगाम दिवाळीनंतरचा असेल. माती वाफशावर आलेली, खाचरे रिकामी, उन्हाळ्याच्या भेगा अजून न पडलेल्या.

२९/ पुढच्या खेपेला विजयदुर्गाला जाल, तेव्हा साहेबाचे ओटे जरूर पाहा. फक्त शेजारच्याला १८९८ सांगा, १८६८ नको. आणि परतताना राजापूरला थोडे थांबून उन्हाळ्याच्या कुंडापाशी जा. पाण्यातून सुटणाऱ्या बुडबुड्यांकडे नीट पाहा. त्यांत बहुतेक सगळा नायट्रोजन असतो, कधीतरी कोकणावर पडलेल्या पावसाबरोबर खाली गेलेला. उरलेल्या थोड्याशा भागात हेलियम असतो.

(धागा समाप्त. जमखंडी, जेऊर आणि विजयदुर्ग यांच्या ग्रहण-मोहिमांवर स्वतंत्र धागा लवकरच.)